पोर बेस हाय, पन...

नागोठणे आणि रोहा यांच्या मधे निडी नावाचं स्टेशन आहे, याचा पत्ता कोकण रेल्वेने गोव्याला जाणाऱ्या बहुतेकांना नसतो. त्यांचा दोष नाही. एक्स्प्रेस गाड्या इथे थांबत नाहीत आणि पाटीवरची दोन अक्षरं वाचून होईपर्यंत गाडी रोह्याच्या सिग्नलला लागलेली असते. आमच्यासाठी थांबते ती दिवा-रोहा. या गाडीने कोणी पनवेलकडे, कोणी धाटावच्या एमआयडीसीकडे जातो. त्यांत सात-आठ जण असे आहेत, ज्यांना बार्सिलोनाच्या अकादमीत सध्या कोणता पोरगा डाव्या पायाने खेळतो हे तोंडपाठ आहे. स्वतःचा मुलगा सातवीत आहे की आठवीत, हे सांगताना मात्र ते बायकोकडे बघतात.

तसा फुटबॉलचा आणि आमचा संबंध नाही. पेण-रोहा पट्टा कबड्डीचा. गावागणिक एका देवाच्या नावाचा कबड्डी संघ असतो, आणि त्यातून भांडून निघालेल्यांचा दुसऱ्या देवाच्या नावाचा दुसरा. उरलेली मोकळी जागा टेनिस बॉलच्या क्रिकेटने घेतली आहे. त्यातूनही जी उरते तिथे भात कापून झाल्यावर वाल पेरतात. फुटबॉलला मैदान मिळालंच नाही, म्हणून तो थेट मोबाइलवर आला. त्यामुळे खेळणारा एकही नाही आणि जाणकार सात-आठ, अशी आमची फुटबॉलची परंपरा आहे.

गावाने या जाणकारांना क्लबावरून नावं ठेवली आहेत. 'युनायटेड' रेल्वेत कामाला आहे. 'बार्सा' पोह्याच्या गिरणीत हिशेब बघतो. 'आर्सेनल' धाटावला केमिकल कंपनीत शिफ्टला जातो, आणि त्याच्या आईनेही एकदा फोनवर "आर्सेनल अजून उठला नाय" असं सांगितलेलं मी ऐकलं आहे. शिवाय गावाचे एक जावई आहेत, कोल्हापूरचे. त्यांना सगळे भावोजी म्हणतात आणि थोडं घाबरूनही असतात, कारण या सगळ्यांत लहानपणापासून खरा फुटबॉल मैदानात बसून बघितलेला माणूस तोच. आणि आबा. आबा तरुणपणी कबड्डी खेळले. फुटबॉल बघायला येतात, कारण रात्री झोप लागत नाही.

सामना हे या मंडळींचं नुसतं निमित्त. कोण जिंकलं हे सकाळी कळतंच. भांडण होतं ते सतरा-अठरा वर्षांच्या पोरांवरून, की हा पुढे मोठा होणार की नाही. याला आमच्यात 'पोटेन्शियल' म्हणतात. हे उच्चारताना आवाज खाली आणायचा आणि डोळे बारीक करायचे, म्हणजे इतरांना न दिसणारं काहीतरी आपल्याला दिसतंय असं वाटतं.

मराठी घरात ही कल्पना नवी नाही. 'आमचा हुशार आहे हो, फक्त अभ्यास करत नाही' या वाक्यावर ती पिढ्यान्‌पिढ्या उभी आहे. ज्याने अभ्यास करून सत्तर टक्के आणले त्याची किंमत सत्तर, हे सगळ्यांना कळून चुकतं. ज्याने अभ्यासच केला नाही तो करता तर नव्वदच्या खाली थांबला नसता, हे खोटं कोण पाडणार? संघातल्या पोरांचंही तसंच. मैदानात उतरून दहा चुका करणारा दिसतो. बाकावर बसलेल्या पोराने आजवर एकही चुकीचा पास दिलेला नाही. म्हणून हरणाऱ्या प्रत्येक संघाचा सर्वांत चांगला खेळाडू बाकावर असतो. तो प्रशिक्षकाला दिसत नाही, निडीच्या फलाटावरून अगदी स्पष्ट दिसतो.

त्या पोराला एकदाचं उतरवलं की त्याच्या आयुष्याला वेग येतो. पहिल्या सामन्यात बरा खेळला तर 'मी म्हणत होतो ना'. दुसऱ्यात गोल केला तर तो पुढचा मेस्सी. तिसऱ्यात समोर मोकळी जाळी असताना चेंडू आभाळात मारला, की तेच 'मी म्हणत होतो ना', तोंड तेवढं वाकडं करून. हे सगळं तीन आठवड्यांत उरकतं. पोरगा तेव्हा जेमतेम अठराचा असतो आणि आमच्या लेखी निवृत्त.

युनायटेडकडे अशा निवृत्तांची मोठी यादी आहे. तिच्या अग्रभागी इटलीचा फेदेरिको माकेदा. 5 एप्रिल 2009 रोजी, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने ॲस्टन व्हिलाविरुद्ध अगदी शेवटी गोल करून सामना फिरवला. दुसऱ्या दिवशी आपण पेढे वाटले होते, असं युनायटेड सांगतो. नंतर माकेदाचं काय झालं, हे त्याला विचारायचं नाही. मग आद्नान यानुझाय. ऑक्टोबर 2013 मध्ये याने सुंदरलँडविरुद्ध दोन गोल केले. युनायटेडचं लग्न तेव्हा ठरत होतं, आणि मुलगी बघायला गेला असता त्याने मुलीच्या भावाला यानुझायच्या डाव्या पायाबद्दल अर्धा तास ऐकवलं. मुलीकडच्यांना वाटलं, घरातलाच कोणी असेल. लग्न झालं, टिकलं. यानुझाय 2017 मध्ये क्लब सोडून गेला.

आमच्या युनायटेडला कोणी छेडलंच तर त्याच्याकडे 1995 आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये, मोसमाच्या पहिल्याच सामन्यात, मँचेस्टर युनायटेड ॲस्टन व्हिलाकडून 3-1 असा हरला. लिव्हरपूलचा जुना बचावपटू ॲलन हॅन्सन बीबीसीवर म्हणाला की पोरासोरांना घेऊन काही जिंकता येत नसतं. त्या पोरासोरांत बेकहॅम, स्कोल्स आणि नेव्हिल बंधू होते. त्यांनी त्याच मोसमात लीग जिंकली आणि एफए कपही. हॅन्सन बिचारा चांगला खेळाडू होता, पण जगात तो ओळखला जातो या एका वाक्यासाठी. तेव्हापासून कुठल्याही चाहत्याला कुठल्याही पोराबद्दल काहीही बोलायची मुभा मिळाली आहे. कोणी अडवलं की हॅन्सनचं नाव घ्यायचं.

आर्सेनलचं म्हणणं एकच असतं, वेळ द्या. त्याचा पुरावा मार्टिन ओडेगार्ड. रेआल माद्रिदने त्याला जानेवारी 2015 मध्ये सोळाव्या वर्षी उचलला आणि मग हॉलंडमधल्या दोन क्लबांत, सोसिएदादमध्ये असा गावोगाव फिरवला. पोरगा वाया गेला, असं सगळ्यांचं ठरलं. तो 2022 मध्ये आर्सेनलचा कर्णधार झाला. हे ऐकून मंडळी गप्प होतात, पण आर्सेनलच्या सबुरीचा त्यांना आदर वाटतो असं नाही. 2004 नंतर लीगच्या विजेतेपदासाठी ज्याने क्लबाला वीस वर्षांहून जास्त वेळ दिला, त्याच्या घड्याळावर विश्वास कोण ठेवणार?

बार्साचं दुःख अंगावर दिसतं. मेस्सी 2021 मध्ये गेला आणि त्याचा दहा नंबर आन्सु फातीला मिळाला. हा फाती सोळाव्या वर्षी बार्सिलोनाकडून उतरला होता, गोल करत होता, मग गुडघा गेला. आमच्या बार्साने पनवेलला रस्त्यावरून त्याची जर्सी घेतली, पाठीवर 'फाती' आणि खाली '10'. पुढे दुखापतीमागून दुखापत, फाती इंग्लंडला उसना गेला, मग मोनॅकोला, आणि जुलै 2025 मध्ये तो दहा नंबर लमिन यमालला दिला गेला. जर्सीवरचा आकडा अजून चालतो, नाव तेवढं चालत नाही. तेव्हापासून बार्सा ती जर्सी घातली की पाठीला सॅक लावतो. लग्नाच्या हळदीलाही तो सॅक लावून आला होता.

हे सगळे मोबाइलवरचेच जाणकार, असं कोणी म्हणू नये. ऑक्टोबर 2017 मध्ये जग आमच्या दारात आलं होतं. सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला आणि त्यातले काही सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. निडीहून पनवेल, पनवेलहून हार्बरची लोकल. पोटेन्शियलचा याहून मोठा बाजार कुठे भरणार? मैदानातले सगळे सतरापर्यंतचे, सगळेच 'पुढचा' कोणीतरी.

25 ऑक्टोबरला उपांत्य सामना होता, स्पेन आणि माली. स्पेन 3-1 असा जिंकला. कर्णधार आबेल रुईझने दोन गोल केले, फेरान तोरेसने एक. मालीचा एक फटका आडव्या दांडीला लागून रेषेच्या आत पडला. साऱ्या स्टेडियमला दिसला, पंचांना दिसला नाही. निडीची मंडळी त्या क्षणापासून मालीची झाली, कारण कबड्डीत बोनस न दिलेल्या माणसाचं दुःख आम्हाला कळतं.

सामना संपला तेव्हा दहाच्या आसपास झाले होते. त्या वेळी निडीकडे जाणारी गाडी कुठली? मंडळी पनवेलच्या फलाटावर पहाटेची वाट बघत बसली, आणि आयुष्यातला सर्वांत गंभीर वाद तिथे झाला. यांतला पुढे मोठा कोण होणार, रुईझ की तोरेस? रुईझ कर्णधार, दोन गोल, बार्सिलोनाच्या अकादमीतला. तोरेसबद्दल 'पळतो बरा' एवढंच मत पडलं. अडीच वाजेपर्यंत ठराव मंजूर झाला.

पुढे काय झालं ते पेपरात आलंच. तोरेस व्हॅलेन्सियाहून मँचेस्टर सिटीला आणि तिथून बार्सिलोनाला गेला. रुईझ बार्सिलोनातून पोर्तुगालच्या ब्रागाला आणि मग जिरोनाला. आता त्या रात्री फलाटावर कोण काय बोललं, याचा कागद नाही. आज विचाराल तर सगळे तोरेसच म्हणत होते. रुईझ म्हणणारा एकही सापडत नाही. बहुतेक तो फलाटावरचा चहावाला असावा. मात्र 2024 मध्ये तोरेस युरो जिंकलेल्या संघात होता आणि रुईझ पॅरिसला ऑलिंपिकचं सुवर्णपदक मिळवलेल्या संघात. ते कळल्या दिवशी, दिवा-रोहा गाडीत, "रुईझचं मी सांगितलं होतं" असा एक आवाज आला. म्हणजे तो आमच्यातच होता.

त्याच विश्वचषकात इंग्लंडच्या ऱ्हियन ब्रूस्टरने आठ गोल केले. उपांत्यपूर्व सामन्यात तीन, उपांत्य सामन्यात तीन. सर्वाधिक गोलांचा मान त्याचा. तीन वर्षांनी शेफील्ड युनायटेडने त्याला मोठी रक्कम मोजून घेतला आणि 2020-21 च्या मोसमात प्रीमियर लीगमध्ये त्याचे गोल किती, तर शून्य. त्याच्याच संघातला फिल फोडेन सिटीकडून विजेतेपदांमागून विजेतेपदं घेत राहिला. दोघांची जर्सी एक, प्रशिक्षक एक, वय एक. यातून कोणी काही शिकलं असतं. आमच्यात एवढाच फरक पडला की आता 'पोटेन्शियल आहे' याच्या जोडीला 'डोकं पाहिजे' हेही म्हणतात.

भारताचा संघ त्या स्पर्धेत दिल्लीला तीन सामने खेळला आणि तिन्ही हरला. एक गोल झाला, कोलंबियाविरुद्ध, जीक्सन सिंगचा. त्या संघात पुढच्या फळीत एक मराठी पोरगा होता, कोल्हापूरचा अनिकेत जाधव. हे आमच्या भावोजींचं ब्रह्मास्त्र. कुठल्याही वादात ते शेवटी काढतात आणि मग कोणी बोलत नाही.

भावोजींची गोष्टच वेगळी. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ म्हणजे तालमी आणि तरुण मंडळं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर यांचे सामने असले की पेठाच्या पेठा ओस पडतात. तिथे पोटेन्शियलचा निकाल सोपा आहे. पोरगं आपल्या तालमीचं असेल तर त्यात ते जन्मापासून असतं. मोसमाच्या सुरुवातीला खेळाडूंची नोंदणी होते. त्यात ते समोरच्या तालमीकडे गेलं, की ते पहिल्यापासूनच सुमार होतं. मधे काही खेळावं लागत नाही. युरोपातल्या चाहत्यांना जे ठरवायला तीन आठवडे लागतात, ते कोल्हापूरकर एका सहीत उरकतो. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

आता एक रात्र सांगतो. 2025 च्या जानेवारीच्या शेवटी बार्सिलोनाचा अटलांटाशी चॅम्पियन्स लीगचा सामना होता, आपल्याकडे रात्री दीड वाजता. दीडपर्यंत नुसतं जागायचं कसं, म्हणून पोपटी लावायचं ठरलं. रायगडात थंडीत पोपटी न खाणारा माणूस शोधावा लागेल, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. मडक्याच्या तळाशी आणि कडेने भांबुर्ड्याचा पाला लावायचा. त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मधे अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च दाबायचा. मडकं शेतात पालथं घालून भोवती पेंढा, गोवऱ्या, वाळकी लाकडं. आत तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. बाहेरून मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्र आवाज करून लगेच उडालं, की झाली.

हे सगळं बघायला एक पोरगा होता, युनायटेडचा पुतण्या. वय पंधरा, दहावीला, परीक्षा फेब्रुवारीत. लाकडं सारायची, पाणी शिंपडायचं, मोबाइल विटेला टेकवून धरायचा, आणि मोठ्यांच्या बोलण्यात पडायचं नाही, ही त्याची कामं. शिवाय दोन मोबाइल होते. बार्साच्या मोबाइलवर सामना वीस सेकंद पुढे धावत होता, त्यामुळे युनायटेडच्या मोबाइलवर काय होणार हे बार्सा भविष्यवेत्त्याच्या थाटात सांगत होता. त्या रात्री त्याचा एकही अंदाज चुकला नाही.

विषय अर्थात यमाल. बार्साने कुंडली मांडली. जन्म 13 जुलै 2007. एप्रिल 2023 मध्ये, पंधराव्या वर्षी, बार्सिलोनाकडून पदार्पण. युरो 2024 मध्ये सोळाव्या वर्षी उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध तो गोल. सतरावा वाढदिवस झाला आणि दुसऱ्या दिवशी युरोचा विजेता.

"अरे, पंधराव्या वर्षी उतरवला म्हणून झाला," युनायटेड म्हणाला. "आपल्याकडे असता तर अजून बॅगा उचलत असता. पोरांना संधी द्यायला हिंमत लागते."

"एवढा खेळवला तर फातीसारखा गुडघा जाईल. वेळ द्या," आर्सेनल म्हणाला.

आबा बराच वेळ मोबाइलात वाकून बघत होते. कबड्डीवाल्यांची माणूस जोखायची एक पद्धत असते. ते तोंडाकडे बघत नाहीत, मांडीकडे बघतात. शेवटी पाठ सरळ करून म्हणाले, "पोर बेस हाय, पन मांड्या नाय. वारा सुटला तं उडंल."

"आबा, तो जगात सगळ्यात भारी आहे!"

"आसंल. आमच्या पाटीवर येऊं दे मंग बघू."

भावोजींनी शेंग सोलण्याच्या तयारीत हात पुसले. "पोरगं लई भारी हाय. खरं एक सीझन शाहू स्टेडियमवर खेळून दाखवू दे म्हणावं. पाटाकडीलच्या डिफेंडरनं एक खांदा दिला की कळतंय, युरो काय अन् काय."

मध्यंतराला मडकं उतरवलं आणि पेपरावर पालथं केलं. वाफ, भांबुर्ड्याचा वास, शेंगांचा ढीग. सात-आठ माणसं बोटं भाजत तुटून पडली, आणि दुसरा डाव सुरू होऊन दोन मिनिटं होतात न होतात तोच यमालने गोल केला. आमच्यापैकी एकानेही तो बघितला नाही. ज्याच्या पोटेन्शियलवर दहापासून वाद चालला होता, त्याने ते दाखवलं तेव्हा बार्साच्या तोंडात बटाटा होता. बघितला फक्त त्या पोराने, कारण मोबाइल धरायचं काम त्याचं होतं. तो एवढंच म्हणाला, "आला होता डावीकडे जागा ठेवून, काका. मला वाटलंच."

मला वाटलंच! आमच्यात हे वाक्य सगळे गोल झाल्यावर म्हणतात. हा पोरगा खरं बोलत असावा, असा मला संशय आला. कारण हा स्वतः खेळतो. सामना 2-2 असा सुटला, तोवर मी त्याच्याकडूनच थोडी माहिती काढली.

15 सप्टेंबर 2017 रोजी, त्या विश्वचषकाच्या आधी, राज्य सरकारने महाराष्ट्रभर एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा घाट घातला होता. शाळांना चेंडू दिले होते. आमच्याकडच्या एका शाळेतही चेंडू आला. पोरगा तेव्हा लहान, दुसरी-तिसरीत. त्या दिवशी फोटो निघाले, पाहुण्यांनी पहिली लाथ मारली, आणि मग चेंडू कपाटात गेला. खेळला तर खराब होईल. त्याचं पोटेन्शियल पुढची काही वर्षं कपाटात सुरक्षित राहिलं. त्या एका दिवशी पोराच्या पायाला तो लागला, तेवढ्यावर याला नाद लागला. पुढे स्वतः पैसे साठवून चेंडू आणला. भात कापल्यानंतर वाल पेरेपर्यंतचे मोकळे दिवस, तेवढा याचा मोसम. अनवाणी, कापलेल्या भाताच्या खुंटांवर. त्याला डावा पाय आहे, हे मी स्वतः बघितलं आहे. बांधावरच्या आंब्याच्या बुंध्याला वीस पावलांवरून तो सांगून मारतो, आणि आंबा जागचा हलत नाही हे मान्य केलं तरी त्यात काहीतरी आहे.

त्या रात्री मी युनायटेडला म्हटलं, "तुझा पुतण्या चांगला खेळतो म्हणे. पनवेलला, नवी मुंबईला कुठे नेऊन दाखव."

युनायटेडने माझ्याकडे असं बघितलं की मी त्याच्या घरातलं काही चोरलं आहे. पंधराव्या वर्षी पोरांना उतरवायला हिंमत लागते असं मघाशीच म्हणणारा माणूस. म्हणाला, "आधी दहावी होऊ दे."

"वेळ द्या," आर्सेनल म्हणाला.

आबांनी पोराच्या मांड्या बघितल्या आणि काही बोलले नाहीत.

बार्साला वाईट वाटलं असावं. तो पोराच्या बाजूने म्हणून सांगायला गेला, की यमालसुद्धा युरोला जाताना शाळेचा अभ्यास बरोबर घेऊन गेला होता. स्पेनमध्ये आपल्या दहावीच्या वयाची पोरं शाळा संपवताना जी पायरी ओलांडतात, ती याने स्पर्धा चालू असताना ओलांडली, पास झाला. झालं. युनायटेडला हवं ते मिळालं. "ऐकलंस? त्याने पण दहावी केली!" पोराला मोबाइल ठेवायला लावून घरी पाठवलं. जाताना त्याने राहिलेली लाकडं विझवली.

गंमत पुढे आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये भारतीय संघाला गोल मिळेनात म्हणून, आदल्या जूनमध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला परत बोलावलं. वय चाळीस. शिलाँगला मालदीवविरुद्ध उतरला आणि त्याने गोल केला. देशभरातल्या चाहत्यांनी वीस वर्षं 'पुढचा छेत्री कोण' यावर डोकं फोडून घेतलं होतं, त्याचं उत्तर छेत्री असं निघालं. आमच्याकडे भारतीय खेळाडू सव्वीसपर्यंत 'उदयोन्मुख' असतो आणि सत्ताविसाव्या वर्षी 'अनुभवी' होतो. खेळाडू असा तो मधे नेमका कधी असतो, ते बघायचं राहून जातं. मार्चमधल्या त्या सामन्यानंतर आबांना छेत्रीबद्दल विचारलं. म्हणाले, "मांड्या हायत."

दहावीचा निकाल 13 मे 2025 ला लागला. पोरगा पास झाला. टक्के सांगत नाही, पण युनायटेडने त्यावर "हुशार आहे, फक्त अभ्यास करत नाही" असं म्हटलं, यावरून अंदाज करावा. आता आयटीआयला फिटरचं शिक्षण घेतो. त्याने आणखी पाच-सहा पोरं जमवली आहेत. चेंडू आहे. गोलाचे चार बांबू आबांनी दिले, कबड्डीच्या मंडपातले, भक्कम आहेत. भावोजी सुट्टीला आले की शिकवायला तयार आहेत, पोरांनी खांदा कसा द्यायचा इथपासून. अडलंय ते फक्त जागेवर. गावात भाताखालची जमीन सगळी वालाखाली जाते, आणि पोपटीशिवाय आमच्या जाणकारांना पोटेन्शियलवर बोलता येत नाही, त्यामुळे वाल पेरू नका असं म्हणायची सोय नाही.

तेव्हा निडी, नागोठणे, रोहा या पट्ट्यात स्टेशनपासून चालत जाता येईल असं कोणाचं शेत यंदा भात कापल्यावर रिकामं ठेवायचं असेल, तर त्याने कृपा करून आबांच्या घरी कळवावं. शेत फार सपाट नसलं तरी चालेल, बांध मात्र मधून जाऊ नये. भाडं देता येणार नाही. मालकाच्या पोराला संघात जागा नक्की, आणि त्याचे काका बांधावर बसून बोलणार नसतील तर त्याला पुढच्या फळीतही खेळवू.